हातचे

क्रेवालकोरेला नोव्हेंबरात धुकं असं उतरतं
की सायकलचा दिवा
पुढच्या चाकापर्यंतही पोचत नाही.
कालव्याच्या बांधावरून गाव दिसत नाही,
दिसतो एक पिवळट फुगवटा,
ओल्या कापसावर कुणी हळद सांडावी तसा.

नेरिओ गाम्बेरिनी,
नगरपालिकेत दिवाबत्तीला एकतीस वर्षं,
त्या फुगवट्याकडे हनुवटी करून म्हणायचा,
चारशे बारा.
मागे कॅरियरवर बसलेल्या मिरेल्लाला वाटायचं
बाबा उजेडाचं वजन सांगतोय.
तो खांब मोजत असायचा.
सत्तावीस नंबर फडफडतो.
एकशे नव्वद शाळेपाशी, पोरं दगड मारतात.
धुक्याला स्वतःचा उजेड नसतो गं,
ते सगळं उसनं.

मिरेल्ला आता बोलोन्यात, तिसऱ्या मजल्यावर,
आकाशाची दिवाबत्ती पाहते.

बासष्ट साली एक रॉकेट काही मिनिटांपुरतं वर गेलं,
चंद्रावरून क्ष-किरण येतात का बघायला.
चंद्र राहिला बाजूला.
जिकडे तोंड करावं तिकडून
काहीतरी येतच होतं,
मंद, एकसारखं, बिननावाचं.
कुणी म्हणालं, तापलेला वायू असेल, विश्वभर पसरलेला.
म्हणजे धुक्यालाच उजेड.

पुढे आरसे सुधारले
आणि फुगवट्यात ठिपके निघाले.
ठिपक्यामागे दीर्घिका,
दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर,
आणि त्याच्या घशाशी गरगरणारा घास
गिळला जाण्याआधी इतका पेटतो
की आपण त्याला वेगळं नाव दिलं, क्वेसार.
मिरेल्लाच्या यादीत एक आहे,
तेवीस दिवस डोळा लावून बसल्यावर
त्याचे पाच कण आले.
पाच.
आठशे कोटी वर्षं चालत.
तिने त्याला नंबर दिला.
नंबर मिळाला की तो धुक्यातून वजा.

अशी वजाबाकी करत शंभरातले ऐंशी गेले.
तरी हिशेब लागेना.
मोजलेल्यांची गोळाबेरीज मऊ,
एकूण उजेड मात्र कडक,
जसा जाड भिंतीतून गाळून आलेला.
म्हणजे कुणीतरी आहेत
धुळीच्या, वायूच्या आड,
यादीत नसलेले, बेरजेत असलेले.
तिने कागदाच्या कडेला शाळकरी अक्षरात लिहिलं,
हातचे किती?

रविवारी बापाकडे उकडलेले चेस्टनट.
किती राहिले, त्याने विचारलं,
जणू बल्ब बदलायचे राहिलेत.
तिने सांगितलं. दिवे आहेत, पण चिणलेले.
तो बराच वेळ एकच साल सोलत बसला.

मग म्हणाला, चव्वेचाळीस साली
गावात एक दिवा नव्हता.
खिडक्यांना निळा कागद, फटींना चिंध्या.
मी दहा वर्षांचा. मावशीकडून घरी यायचो
डावा हात भिंतीला घासत.
आपली भिंत कुठली, परक्याची कुठली, सगळं बोटांना पाठ.
एका जागी भिंत गरम लागायची.
पलीकडे झानारिनीची भट्टी, रात्रीच्या पावाची.
कुणासाठी भाजतात, ते विचारायचं नसे.
उजेडाचा कण बाहेर येत नव्हता.
मी दोन्ही तळवे टेकून उभा राहायचो,
मावशीने दिलेलं अंडं खिशात.
एकदा फुटलं.
बरं ते जाऊ दे.
झाकलेला दिवा झाकणाला तापवतोच ना?

तापवतो, ती म्हणाली. हे तिला माहीत होतं,
तिच्या क्षेत्रात सगळ्यांनाच माहीत आहे,
त्याचे नकाशेसुद्धा आहेत.
पण तिने ते कधी
तळव्यांनी ऐकलं नव्हतं.

सोमवारी तिने दुसऱ्या उपग्रहाचं आकाश उघडलं,
अवरक्त, नुसत्या ऊबेचं.
क्ष-किरणांत जिथे कोरं होतं
तिथे अकरा जागी धूळ तापलेली.
अकरांपैकी चार बहुधा भलतंच काही निघतील.
उरलेल्या एकावर
कुणी पाहत नाहीसं बघून
तिने हात ठेवला.

पडदा गरम होता.
पडदे असतातच गरम, तो काही पुरावा नव्हे.
खाली रस्त्यावर धुकं उतरत होतं
आणि कमानींखालचे दिवे
एकमेकांत मिसळायला लागले होते.